पाचशे मीटरच्या आत

३ मार्च, रविवार

आज ग्रामसभेत टंचाई समितीचे अध्यक्षपद माझ्या गळ्यात मारले. सरपंच मंजुश्रीताईंनी तीनदा विचारले, कोण होतो अध्यक्ष? एकही हात वर गेला नाही. मग मागून कोणीतरी म्हणाले, "मार्तंड सरांले करा. सर कोनाच्याच पार्टीचे नाईत." टाळ्या पडल्या. अर्ध्या तासापूर्वी त्याच हातांनी एकमेकांच्या कॉलरी धरल्या होत्या.

भांडण दर उन्हाळ्याचेच आहे. चिंचखोरीला प्यायच्या पाण्याची विहीर एकच, नाल्याकाठची. खालच्या आळीच्या बाया म्हणतात, बागायतदारांच्या बोअरनी विहीर शोषली. बागायतदार म्हणतात, बाया म्हशी धुऊन पाणी नासतात. उसवाला भागवत म्हणतो, पंचायतीने फुटका बंधारा बांधला नाही. पंचायत म्हणते, वरून मंजुरी आली नाही. प्रत्येकाला दुष्काळाचा गुन्हेगार ठाऊक आहे, आणि तो नेहमी समोरच्या बाकावर बसलेला असतो.

बत्तीस वर्षे मी या गावाला गणित शिकवले. निवृत्तीनंतर खामगावच्या घरी न जाता इथेच तीन एकरांत लिंबाची बाग लावली, ती शांतपणे राहता यावे म्हणून. आजच्या सभेत गुटख्याच्या पिचकाऱ्या, घामाचा वास आणि आयाबहिणींवरून शिव्या. घरी येऊन आंघोळ केली तेव्हा कुठे बरे वाटले.

तरी पद घेतले. या गावात एक तरी माणूस कुणाच्या बाजूचा नसलेला हवा.

६ मार्च, बुधवार

विहीर मोजली. दोरीला दगड बांधून, पंचायतीचा शिपाई प्रसेनजित याला सोबत घेऊन. अकरा फूट पाणी. रोज सकाळी सातला मोजून वहीत लिहायचे ठरवले. लाइटची वेळही शेजारी लिहीन, नोंद कशी पूर्ण असावी.

पाण्यावर मेलेले कबुतर तरंगत होते. पिसे सुटून हिरव्या शेवाळात अडकलेली. त्याच्याच बाजूला बादली बुडवून एक बाई पाणी काढत होती. ती वच्छलाबाई, खालच्या आळीची, दोन म्हशींचे दूध घालते. म्हणाली, "सर, मोजून काय करता? लाइन आली का हीर खाली बसते, लाइन गेली का वर येते. आमी रोज पाहून राह्यलो."

म्हणे लाइन आली की विहीर खाली बसते. विहिरीला काय वायर जोडली आहे? शिक्षण नसले की माणूस डोळ्यांनी पाहिलेल्यावरही भलताच अर्थ लावतो.

१२ मार्च, मंगळवार

तालुक्याचे साहेब आले. शाळेच्या वर्गात बैठक. साहेबांचे म्हणणे, पिकाची पैसेवारी पन्नास पैशांच्या वर आहे, म्हणजे कागदावर इथे दुष्काळच नाही. पण टंचाई आहे. दुष्काळ वेगळा, टंचाई वेगळी. हे समजावताना त्यांनी बाटलीबंद पाण्याने तीनदा हात धुतले आणि पोह्यांतली मिरची काढून बाकाच्या कप्प्यात ठेवली. ज्या बाकांवर मी मुलांना स्वच्छता शिकवली त्याच बाकात.

ते गेल्यावर बाहेर पडलेल्या अर्ध्या बाटल्या बायांनी गोळा केल्या. मी पाहिले आणि मान वळवली.

१८ मार्च, सोमवार

आदेश आला. गावाच्या विहिरीपासून पाचशे मीटरच्या आत जितके बोअर आहेत तितके पावसाळ्यापर्यंत बंद. अंतरे मोजून यादी समितीने द्यायची.

दिवसभर उन्हात प्रसेनजित टेप घेऊन पुढे आणि मी वही घेऊन मागे. भागवतचा बोअर दोनशे दहा मीटर. निवृत्तीचा तीनशे पंच्याऐंशी. आणखी तीन आतच निघाले. शेवटी माझा. माझी बाग नाल्याच्या पलीकडे आहे, म्हणून पुलावरून रस्त्याने मोजत गेलो. सहाशे चाळीस भरले.

प्रसेनजित नाल्याच्या काठावर टेप धरून उभा होता. म्हणाला, "सर, इकून सरळ मोजू का?"

मी म्हणालो, "नाल्यातून वाट आहे का? जिथून माणूस येतो-जातो तेच अंतर."

तो बरे म्हणाला आणि टेप गुंडाळू लागला. कामाचा माणूस आहे, जास्त बोलत नाही.

यादीत पाच नावे गेली. सही करताना हात जड झाला नाही. नियम म्हणजे नियम.

२५ मार्च, सोमवार

पाचही बोअरच्या स्टार्टरना सील लागले. भागवतने शिव्या दिल्या. त्या अपेक्षितच होत्या.

निवृत्ती मात्र घरी आला. माझा विद्यार्थी. दहावीला गणितात चौऱ्याण्णव. ओट्यावर बसला, टोपी हातात. त्याने एकरभर कांद्याचे बियाणे धरले आहे, गोंडे फुलावर आहेत. म्हणाला, "सर, फक्त दोन पानी. येक आता, येक पंधरा दिवसांनी. मंग तुमी सील काय, बोअरच उपटून न्या."

"तुला दिले तर भागवतला का नाही?"

"त्याचा ऊस हाय सर. माहं बियानं हाय. अठरा महिन्याचं काम हाय ते."

मी नाही म्हणालो. तो उठला, शारदेला "येतो काकू" म्हणाला आणि गेला. शारदा दारात उभी होती. आत गेल्यावर तिने भांडी जरा जोरात ठेवली.

अशा वेळी माणसाची परीक्षा होते. ओळखीला भीक घालायची नसते.

विहिरीत साडेसात फूट.

२ एप्रिल, मंगळवार

पाच फूट. बोअर बंद होऊन आठ दिवस झाले तरी पाणी उतरतेच आहे. याचा अर्थ एकच, कुणीतरी सील तोडून मोटर चालवतो. भागवतच असणार. प्रसेनजितला घेऊन सगळी सीले तपासली. पाचही शाबूत. मग डुप्लिकेट सील असेल. ही माणसे काय वाटेल ते करतील.

निवृत्तीच्या शेताजवळून आलो. गोंडे माना टाकून करपले आहेत. तो विळ्याने कापून गुरांपुढे टाकत होता. मला पाहून विळा खाली ठेवला, नमस्कार केला, आणि पुन्हा विळा उचलला.

रात्री जेवताना शारदा म्हणाली, "अहो, आपली मोटर चार दिवस बंद ठेवून पाहू या का?"

मी तिला समजावले की आपला बोअर दोनशे ऐंशी फूट आहे. ते खडकातले पाणी. विहीर बावन्न फूट, तिचे पाणी वरच्या थरातले. दोघांचा काही संबंध नाही. शिवाय आपण अंतराच्या बाहेर आहोत. शिवाय उन्हाळ्याचे लिंबू आत्ता झाडावर आहे. ती ऐकत होती की नाही कळले नाही, ताक घुसळत होती.

७ एप्रिल, रविवार

आमच्या बाजूची डीपी जळाली. वायरमनला फोन केला तर म्हणतो, सगळी माणसे निवडणुकीच्या कामात आहेत. या देशात मत द्यायला माणसे आहेत, लाइट द्यायला नाहीत. विहिरीत साडेतीन फूट.

९ एप्रिल, मंगळवार

बागेला तीन दिवस पाणी नाही. लहान फळ गळते आहे. खाली पडलेले पिवळे लिंबू तुडवत फिरलो, चिकट वास चपलेला लागला. पण विहीर! पाच फूट दोन इंच.

११ एप्रिल, गुरुवार

सहा फूट आठ इंच. आदेशाचा परिणाम दिसायला वेळ लागतो, इतकेच. भूगर्भाची चाल संथ असते. मी आजच समितीचा अहवाल लिहून पाठवला: उपाययोजनांमुळे स्रोताची पातळी वाढत आहे, पाचशे मीटरच्या आतील सर्व उपसा बंद आहे, परिस्थिती आटोक्यात आहे. तालुक्यावरून साहेबांचा फोन आला. म्हणाले, सर, असा अहवाल जिल्ह्यात कुणाचा नाही. तुमच्या गावचा टँकरचा प्रस्ताव मागे ठेवतो, दुसऱ्या गावाला द्यायला बरा.

मंजुश्रीताईंना सांगितले तर त्यांचा चेहरा उतरला. म्हणाल्या, "सर, टँकर नाई मागे घ्याचा होता. पाऊस पडेस्तोर भरोसा नाई." यांना पाणी वाढले तरी दुःख. टँकर आला की गावात मिरवता येते, दुसरे काय.

१२ एप्रिल, शुक्रवार

डीपी बसली. रात्रभर मोटर चालवली. झाडे वाचतील.

१७ एप्रिल, बुधवार

तीन फूट. पुन्हा चोरी सुरू झालेली दिसते.

२० एप्रिल, शनिवार

दीड फूट. बादली बुडत नाही. बाया विहिरीच्या कडीपायऱ्यांनी खाली उतरून वाटीने पाणी भरतात आणि दोरीने वर ओढतात. काठावर चपलांचा ढीग, रडणारी पोरे, कुणाचा तरी मोबाइल गाणी वाजवतो आहे. एकीने दुसरीची कळशी लाथेने पाडली. दोघी झिंज्या धरून चिखलात पडल्या आणि बघे हसत होते. त्या हसणाऱ्यांत माझे तीन विद्यार्थी. मला या गावाची शिसारी आली. टँकरसाठी फोन केला. साहेब म्हणाले, सर, तुमचाच अहवाल आहे ना? नऊ दिवसांत कसे बदलले? आता नव्याने प्रस्ताव टाका.

२३ एप्रिल, मंगळवार

वच्छलाबाई विहिरीत पडली.

सकाळी साडेसहाची गोष्ट. मी दोरी घेऊन मोजायला निघालो होतो. ती वाटी घेऊन खाली उतरली, शेवटच्या पायरीवर शेवाळावरून पाय सरकला. पाणी असते तर बुडाली असती पण मोडली नसती. खाली खडक होता. मी पोहोचलो तेव्हा तिची सून राखी काठावर आडवी पडून हाका मारत होती, "आत्या, बोला, आत्या, बोला." सातआठ जण मोबाइल धरून आत वाकून शूटिंग करत होते. खाली कोणी उतरेना.

प्रसेनजित उतरला. मागून निवृत्ती. खाटेला दोर बांधून दोघांनी तिला वर काढले. खुबा मोडला आहे. बुलढाण्याला नेले, तिथून अकोल्याला.

मी मोबाइलवाल्यांवर ओरडलो. एकजण म्हणाला, "सर, व्हिडिओ गेला म्हनूनच टँकर येईन आता. तुमच्या कागदानं आला नाई."

संध्याकाळी टँकर आला.

२९ एप्रिल, सोमवार

अपघातामुळे भूजल सर्वेक्षणवाल्यांची तपासणी लागली. समता नावाची तिशीची मुलगी आली, जानेफळची. पायात बूट, पाठीला बॅग, घरात आली तेव्हा बूट उंबऱ्याच्या आत काढले. विहीर पाहून आली आणि माझी वही मागितली. मी अभिमानाने दिली. दोन महिन्यांत एकही दिवस चुकलेला नाही.

ती ओट्यावर बसून अर्धा तास वाचत राहिली. मग म्हणाली, "सर, अशी नोंद मी नोकरीत पाहिली नाही. सात ते अकरा एप्रिलला काय झालं होतं?"

"आदेशाचा परिणाम."

"आदेश तर पंचवीस मार्चला लागला. आणि बारा तारखेनंतर पाणी पुन्हा का पडलं?"

"चोरी."

आतून शारदेचा आवाज आला. "त्या चार दिवसांत आपली डीपी जळाली होती."

मी म्हणालो, तू मध्ये बोलू नकोस. समताने मोबाइल काढला, माझा बोअर आणि विहीर दोन्ही नकाशावर दाखवले. मध्ये एक रेघ. तीनशे दहा मीटर. मी तिला रस्त्याचे, पुलाचे, खडकातल्या पाण्याचे सांगितले. ती म्हणाली, "सर, इथे वरच्या थराचं पाणी भेगांतून खालीच जातं. तुम्ही खालून ओढलं की ते वरून येतं." शांतपणे बोलत होती, मी वर्गात ढ मुलाशी बोलायचो तसे.

मी वही काढून घेतली. आजकालच्या पोरींना दोन यंत्रे हातात आली की वडीलधाऱ्यांना शिकवायचा अधिकार मिळतो. दारातून जाताना ती शारदेच्या पाया पडली. माझ्याही पडायला आली, मी पाय मागे घेतले.

३० एप्रिल, मंगळवार

आलेखाच्या कागदावर सगळे बिंदू मांडले. एका रंगाने पाणी, दुसऱ्याने आमच्या मोटरचे तास. मोटर चालते तिथे रेघ उतरते. मोटर थांबते तिथे चढते. एकही दिवस अपवाद नाही.

मोटर बंद केली.

शारदेला विचारले, "तुला माहीत होते?"

"मी म्हटलं होतं की, चार दिवस बंद ठेवून पाहू."

"स्पष्ट का नाही सांगितलेस?"

"तुम्हाला स्पष्ट सांगणारं माणूस या घरात कधी टिकलं आहे?" असे म्हणून ती पाणी गाळायला बसली. मुलगा कुशल सहा वर्षांपूर्वी माझ्याशी वाद घालून पुण्याला गेला, तो फक्त तिला फोन करतो. त्याचा इथे काय संबंध, मला कळले नाही.

१ मे, बुधवार

महाराष्ट्र दिनाची ग्रामसभा. झेंडावंदन झाल्यावर मी उभा राहिलो. रात्री चार पाने लिहिली होती, ती काढलीच नाहीत. सांगितले की माझा बोअर तीनशे दहा मीटरवर आहे, मी पुलावरून मोजला, विहीर माझ्यामुळे आटली. मला वाटले आता गदारोळ होईल, भागवत धावून येईल.

काहीच झाले नाही. कुणी चुळबुळसुद्धा केली नाही. मंजुश्रीताई कागद चाळत राहिल्या. एका माणसाने जांभई दिली.

सभा उठल्यावर निवृत्तीला गाठले. "तुला आश्चर्य वाटले नाही?"

"आमाले ठावं होतं सर."

"कधीपासून?"

"तुमी पुलावरून मोजून राह्यले होते तवापासून. प्रसेनजितनं त्याच सांजेले सांगतलं."

"सगळ्या गावाला?"

"हाव."

"मग बोलला काऊन नाहीत?" माझ्या तोंडून त्यांचाच शब्द गेला.

तो नाल्याकडे पाहत राहिला. "तुमी शिकोलं आमाले. तुमाले काय म्हनाव? अन् म्हनलं असतं तं तुमी आयकलं असतं का?" थोड्या वेळाने म्हणाला, "मले वाटे, माहं बियानं करपलं का तरी सरांच्या ध्यानात येईन."

घरी येऊन ओकलो. शारदेने पाठीवरून हात फिरवला नाही, पाण्याचा तांब्या तेवढा आणून ठेवला. दोन महिन्यांची ही दैनंदिनी चाळली. इतरांच्या पिचकाऱ्या, इतरांचे हसणे, मेलेले कबुतर, सगळे बारीक अक्षरात लिहिलेले. अठरा मार्चचे पान पुन्हा पुन्हा वाचले. "कामाचा माणूस आहे, जास्त बोलत नाही." हे वाक्य खोडावेसे वाटले. खोडले नाही.

६ मे, सोमवार

तालुक्याला जाऊन दुरुस्तीचे पत्र दिले. माझे नाव यादीत घ्या, अंतर तीनशे दहा, आधीचा अहवाल चुकीचा. साहेबांनी पत्र वाचले, घडी घातली, मला परत दिले. म्हणाले, "सर, आता कशाला? तो अहवाल वर गेला. आदर्श गाव म्हणून त्याचं सादरीकरणही झालं. हे घेतलं तर माझी चौकशी, तुमची चौकशी. तुम्ही मोटर बंद केलीत ना? झालं तर."

मी म्हणालो, नोंद बरोबर असली पाहिजे.

"नोंद बरोबरच आहे. पुलावरून सहाशे चाळीसच आहे ना?" आणि हसले. आपल्यातलाच समजून, टाळी मागितल्यासारखे हसले. मी उठलो. पत्र आवक विभागात दिले, शिक्का मारून पोच घेतली. पुढे काही होणार नाही हे मला शिक्का मारणाऱ्याच्या तोंडाकडे पाहूनच कळले.

१६ मे, गुरुवार

वच्छलाबाई अकोल्याहून परत आली आहे. आज गेलो. नऊ दिवस जायचे ठरवत होतो.

एकखोलीचे घर. ती खाटेवर, पायाला उशी. दारातला गोठा रिकामा. म्हशी राखीच्या माहेरी रोहिणखेडला पाठवल्या, इथे त्यांना पाजायला काही नाही. मी वाटेत वाक्य जुळवले होते. म्हणालो, "बाई, विहीर माझ्या बोअरमुळे..."

"सांगतलं राखीनं."

मी थांबलो. ती पत्र्याकडे पाहत होती. मग म्हणाली, "मोटर बंद हाय न?"

"हो."

"बंदच ठेवजा. पाऊस आला तरी लगेच नोका चालू करू. हिरीले भरू द्या."

"तुम्ही मला पहिल्याच दिवशी सांगितले होते."

"मी तं समद्यांलेच सांगो." आवाजात राग नव्हता, माफीही नव्हती. ज्या माणसाकडून काही अपेक्षा उरलेली नाही त्याच्याशी बोलतात तशी बोलत होती. मला वाटले होते रडेल, शिव्या देईल. खरे सांगायचे तर मी त्यासाठीच गेलो होतो. त्यातले काही मिळाले नाही.

राखीने स्टीलच्या पेल्यात पाणी आणले. टँकरचे, जरा पिवळसर, औषधाचा वास असलेले. मी नको म्हणालो.

"घ्या सर," वच्छलाबाई म्हणाली. "आलेल्याले पानी देल्याबिगर आमी पाठवत नाई."

पेल्याच्या काठावर कुणाच्या तरी ओठांचा ठसा होता. प्यायलो. राखीने पेला घेतला, राखेने आतून घासला, पदराने कोरडा पुसला आणि पालथा ठेवला. धुवायला पाणी घेतले नाही. म्हणाली, "टँकरची येळ झाली, मी जातो आत्या."

मीही उठलो. घरी जाऊन दोन कळश्या घेतल्या. मोटर बंद केल्यापासून आमच्याकडेही टँकरचेच पाणी, आतापर्यंत प्रसेनजित आणून देत होता. त्याला मी काल नको म्हणून सांगितले.

विहिरीपाशी शंभर-सव्वाशे माणसांची रांग. मला कळश्या घेऊन येताना पाहून निवृत्ती म्हणाला, "सरांले पुढं जाऊ द्या बे." बायांनी हंडे ओढून घेतले, वाट झाली. माझ्याकडे कुणी पाहत नव्हते. सगळ्या जमिनीकडे पाहत होत्या.

"नाही, मी नंबराने घेईन," असे म्हणून मी शेवटी जाऊन उभा राहिलो. पुढे जायला कुणी दुसऱ्यांदा म्हणाले नाही.